चिलापीची खीर

परवा ऑफिसातल्या पोरींनी मला विजापूर रोडवरच्या एका नव्या हॉटेलात ओढून नेलं. एसी, मंद दिवे, आणि मेनूकार्ड एवढं मोठं की त्यामागे अख्खा माणूस लपावा. पहिल्याच पानावर 'क्रीमी फिश नूडल्स'. खाली बारीक अक्षरात प्रोटीन किती, कॅलरी किती, फॅट किती. मी कार्ड मिटून ठेवलं. आमच्या सेक्शनची नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, घ्या ना, एकदम हेल्दी असतं." तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "बाई गं, ह्याचं हेल्दी मला नको सांगूस. हे सांगून सांगून एका बाईनं माझं डोकं खाल्लंय. मला आपली दालखिचडी सांग."

पोरी हसल्या. त्यांना काय माहीत पुजारी बाई!

पुजारी बाई आधी माझ्या शिक्षिका आणि, नशीब बघा, पुढे माझ्या शेजारी. शाळा सुटली तशा बाईही सुटल्या असं समजून मी सुखात होते. लग्नानंतर काही वर्षांनी जुळे सोलापूरला फ्लॅट घेतला, टेम्पोतून सामान उतरवलं, आणि समोरच्या दारावर पाटी: 'श्रीमती इंदिरा पुजारी, निवृत्त शिक्षिका'. दार उघडलं. तीच इरकली साडी, तीच खांद्यावर पिनेनं घट्ट आवळलेली. मला आपादमस्तक बघितलं आणि पहिलं वाक्य काय असावं? "सुनंदा, लोह कमी पडतंय तुला. डोळ्याची पापणी खाली ओढ बघू." माझ्या हातात टीव्ही होता हो!

शाळेत त्या आम्हाला गृहविज्ञान शिकवायच्या. 'मऊ आहार' हा त्यांचा आवडता धडा. फळ्यावर ठळक अक्षरात लिहायच्या: 'उदाहरण – क्रीम सॉसमधील मासा व नूडल्स'. मग त्यातली प्रथिनं, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, क्षार. हा पदार्थ कुठल्या परदेशी पुस्तकातून आमच्या पुस्तकात येऊन पडला होता देव जाणे. आम्ही सोलापूरच्या पोरी. क्रीम म्हणजे तोंडाला लावायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पण परीक्षेला हमखास यायचं म्हणून घोकून घोकून पाठ केलं: मासा पचायला हलका, प्रथिनं उत्तम प्रतीची, दुधामुळे कॅल्शियम, सायीमुळे ऊर्जा, नूडल्समुळे पिष्टमय पदार्थ, चोथा नाममात्र. एकदा एका आगाऊ पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही खाल्लंय का हे?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मी पुजाऱ्याच्या घरातली. आमच्यात अंडंसुद्धा येत नाही. पण सूर्य किती तापलाय हे सांगायला सूर्यावर जावं लागतं का?" ती पोरगी खाली बसली.

शेजारी म्हणून बाई म्हणजे डोक्याला कायमचा ताप. कुणाच्या घरी हळदीकुंकू असलं की तिळाच्या लाडवाकडे बघून म्हणायच्या, "कॅल्शियम चांगलं आहे, पण गूळ किती ओतलाय हा!" लग्नाच्या जेवणात शेजारच्याच्या ताटावर नजर. "कोशिंबीर घेतली नाहीत?" तो माणूस नवऱ्या मुलाचा मामा असला तरी यांना काय! जिन्यात भेटल्या की "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झालं का. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळे घाईत कानडी तोंडात यायचं. 'झालं' म्हटलं की काय काय खाल्लं ते विचारणार, आणि मग आपण उंबऱ्यातच उभं राहून ओशाळं व्हायचं. मी तर पुढे पुढे खोटंच सांगायला लागले. वडापाव खाल्ला असला तरी मटकीची उसळ म्हणायची. तर म्हणायच्या, "मटकीचा वास असा तेलकट येत नाही, सुनंदा."

बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एक छोटा वजनकाटा होता. मीठसुद्धा त्यावर. त्यालाही कारण होतं. आमच्या कोपऱ्यावर दत्ताचं देऊळ आहे. बाईंच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सेवेत, त्यामुळे निवृत्तीनंतर इथला गुरुवारचा नैवेद्य बाईंनी आपणहून अंगावर घेतला. सोवळ्यात उभ्या राहायच्या. नैवेद्य चाखायचा नसतो, देवाआधी कुणी तोंड लावायचं नाही. लहानपणापासून बाईंना सवयच ती. शिजवायचं, पण जिभेवर ठेवायचं नाही. घरचा स्वयंपाकसुद्धा तसाच. "जीभ खोटं बोलते, सुनंदा. वजन बोलत नाही," म्हणायच्या. आणि खरं सांगते, त्यांच्या हातचं वरण, त्यांची लापशी, कशातही कधी कणभर उणं नसायचं. देवळाचा आणखी एक नियम होता. त्या चुलीपाशी उभं राहणाऱ्यानं मांसमासळी कधी तोंडात घातलेली नसावी. आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत त्या नियमात बसणाऱ्या बाई एकट्याच. त्याचा त्यांना अभिमान होता. दाखवायच्या नाहीत, पण गुरुवारी जिना उतरताना पाठ जरा जास्तच ताठ असायची.

आता माझ्या आबांचं. आबा जेऊरचे. आयुष्यभर शेती केली, आणि जवळ उजनी धरणाचं पाणी, त्यामुळे मासा म्हणजे जीव की प्राण. मरळीचं लालभडक कालवण आणि ज्वारीची भाकरी असली की बाकी जग गेलं खड्ड्यात. दोन वर्षांमागे त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. मी त्यांना सोलापूरला घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचंच, पण आत्ता नाही. "अंगात काही उरलेलंच नाही यांच्या. ह्या तब्येतीला भूल झेपायची नाही. आधी वजन वाढू दे. मऊ द्या, चोथा नसलेलं द्या, प्रोटीन भरपूर द्या. आणि लवकर. गाठ काही आपल्यासाठी थांबणार नाही."

म्हणजे भाकरी बंद, शेंगाचटणी बंद, ठेचा बंद, उसळ बंद. आबांनी अंडं बघितलं की तोंड फिरवलं. पेज दिली तर "म्या काय बाळंतीण हाय व्हय?" डाळीचं पाणी दिलं तर वाटी तशीच परत. दिवसेंदिवस सदरा अंगावर लोंबायला लागला. माझा जीव नुसता टांगणीला. ऑफिसातून घरी येताना पाय जड व्हायचे, आज पुन्हा भरलेली वाटी बघायची म्हणून.

हे सगळं समोरच्या दारातून बघणाऱ्या बाई एके दिवशी सरळ आत आल्या. "काय खातात हे?"

"काहीच नाही, बाई."

"मासा खातात?"

"मासा तर जीव आहे त्यांचा. पण मसाल्याचं चालत नाही ना."

बाईंचा चेहरा उजळला. इतकी वर्षं जो प्रश्न परीक्षेत घातला, त्याचा पेशंट एकदाचा समोर सापडला होता. मी कपाळाला हात लावला. मला कळलं पुढे काय येणार.

दुसऱ्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. बाईंना स्वतःच्या घरात मासा नेणं शक्य नव्हतं, म्हणून वजनकाटा घेऊन माझ्याकडे. मी बाजारातून उजनीची चिलापी आणायची. बाईंनी नाकाला रुमाल बांधायचा, हातात मोजे चढवायचे, आणि लांब उभं राहून हुकूम सोडायचे. "उकड. काटे काढ. एकही राहता कामा नये. आता लोण्यात मैदा परत. दूध हळू ओत, हळू! गुठळी झाली बघ." वर साय. मग उकडलेल्या नूडल्स. मीठ बाईंनी स्वतः मोजून टाकायचं, आबांचं ब्लडप्रेशर आहे म्हणून पुस्तकापेक्षाही हात आखडून. चाखायला मी चमचा उचलला की "ठेव तो! पेशंटच्या अन्नाला मधेच तोंड लावायचं नाही." घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायच्या. आमचे हे म्हणाले, "या बाई पूजेला आल्यात का ऑपरेशनला?"

पहिल्या दिवशी आबांनी ताटलीत बघितलं. "ही गांडुळं कुणी टाकली ह्यात?"

झालं. नूडल्स बाद. बाईंनी तोडगा काढला की माणसाला ओळखीचं दिसलं की तो खातो. माझ्याकडे उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया होत्या. दुसऱ्या दिवशी नूडल्सच्या जागी शेवया. दूध, साय, शेवया आणि त्यात चिलापी. आबांनी चमचा घातला, वर काढला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना फसवतेय.

"खीर हाय का कालवण?"

"आबा, ताकदीचं आहे. खावा की."

"अगं, खिरीत मासा? लग्नाच्या खिरीत मासा घालत्यात व्हय कुटं? आन दुधात मासा! अंगावर कोड उठतंय की!"

ते त्यांचं वाक्य खालच्या मजल्यापर्यंत गेलं. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगीतल्या एकजात सगळ्या बायका वर येऊन गेल्या. मासे आणि दूध एकत्र? वेडी झालीस का, सुनंदा? आमच्या नात्यातल्या अमक्याला असंच झालं. बाई प्रत्येकीला दारात गाठून सांगत होत्या, "कोड दुधामाशानं येत नाही. मी मुलींना जन्मभर शिकवलं ते काय खोटं?" आणि मी मधे उभी. एकीकडे बापाचं वजन, एकीकडे कोड, एकीकडे प्रथिनं. असं वाटायचं, सगळ्यांना घराबाहेर काढावं आणि आतून कडी लावून बसावं.

बाई मात्र हटेनात. रोज वाटी घेऊन आबांच्या खाटेपाशी खुर्ची ओढायच्या आणि व्याख्यान सुरू. "हे बघा, शरीर म्हणजे घर. प्रथिनं म्हणजे विटा." आबा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "मंग गवंडी बोलवा की." बाई म्हणायच्या, "निदान दोन चमचे." आबा दोन चमचे गिळायचे, तेही माझ्या तोंडाकडे बघून, आणि म्हणायचे, "मेल्यावाणी लागतंय गं ह्ये." आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचे नखरे. काट्यावर उभं केलं की आकडा जिथल्या तिथे. एकदा तर खालीच सरकला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाईंनी बघितलं. माझ्या खांद्यावरून हात पुढे करून गॅस बारीक केला, एवढंच.

आणि मग तो बुधवार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फार दिवस हातात नाहीत. मी विनवतेय, आमचे हे विनवतायत, आबा ढिम्म. बाईंनी वाटी पुढे केली. आबा उठून बसले. आवाज बारीक झाला होता, पण हट्ट तोच.

"बाई, तुमी रोज सांगता, ताकद येती, ताकद येती. लई चांगलं आसतंय म्हणता. मंग तुमी खाऊन दावा की. एक घास. तुमी खाल्ला की म्या आख्खी वाटी खातो. न्हायतर मला सुखानं मरू द्या."

"आबा! काय बोलता हे! बाई खात नाहीत, माहीत आहे ना तुम्हाला?"

"मंग ज्ये त्यांच्या घशाखाली उतरत न्हाय, त्ये माझ्या का?"

मला इतका राग आला आबांचा! ज्या बाईनं नाकाला रुमाल बांधून माझ्या घरात इतके दिवस मासळी शिजवली, तिला असं बोलायचं? मी वाटी उचलायला गेले. बाईंनी माझा हात धरला.

"सुनंदा, दुसरा चमचा आण."

"बाई, अहो, वेडेपणा करू नका. ते काहीही बोलतात. उद्या गुरुवार आहे!"

"चमचा."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला. वाटीतून चमचा भरला. नीट भरला, टोकाला लावण्यापुरता नाही. मासा, शेवया, साय सगळं आलं पाहिजे असा. आणि तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला. मी बादली आणायच्या तयारीत. आबांचा तर जबडाच खाली आला होता.

बाईंनी गिळलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"सुनंदा!"

"काय झालं, बाई? पाणी देऊ?"

"अगं, यात मीठ नाही!"

"इतके दिवस हे असलं अळणी त्यांना देतेयस तू? शी! कसं गिळलं असेल त्यांनी?"

"मी देतेय?" मी उखडलेच. "बाई, मीठ तुम्ही मोजता! मला चमचा लावू देत नाही तुम्ही!"

"म्या काय इतके दिस वरडत हुतो?" खाटेवरून आबा. "मेल्यावाणी लागतंय म्हणून!"

बाई वाटी घेऊन तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. लसूण बारीक परतला, मिरपूड घातली, मीठ हातानं टाकलं. वजनकाट्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. लिंबू पिळायच्या आधी दूध फाटेल म्हणून थबकल्या, आणि लिंबू बाजूला ठेवलं. मग ढवळून पुन्हा एक चमचा तोंडात घातला. हा दुसरा चमचा त्यांच्याकडे कुणीही मागितला नव्हता. "आता बरोबर," म्हणाल्या.

आबांनी वाटी रिकामी केली. बोटानं पुसून.

त्यानंतर रोज तसंच. बाई यायच्या, शिजवायच्या, चाखायच्या, आबा खायचे. मी म्हटलं, "बाई, चाखायला मी आहे ना आता." तर म्हणाल्या, "तुझी जीभ तिखटानं मेलेली आहे. आणि मोडलाच आहे नियम, तर नीट मोडते." आबांना त्या पदार्थाचं नाव काही घेता येईना, म्हणून ते त्याला 'बाईंची खीर' म्हणायला लागले. काटा हळूहळू वर सरकला. डॉक्टरांनी तारीख दिली. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आणि दिवाळीच्या आधी आबा जेऊरला गेलेसुद्धा. अंगावर कोडाचा ठिपका नाही. खालच्या काकू अजून बारकाईनं बघतात.

ह्या धावपळीत माझ्या लक्षातच आलं नाही की बाई गुरुवारी देवळात जाईनाशा झाल्यात. आधी वाटलं, गुडघे दुखत असतील. मग एका गुरुवारी प्रसादाची लापशी तोंडात घातली आणि कळलं, हा बाईंचा हात नाही. देवळातल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "पुजारी बाईंनी स्वतःच येऊन सांगितलं. म्हणाल्या, मी मासा खाल्लाय, आता मी ह्या चुलीपाशी उभी राहू शकत नाही."

मी तडक बाईंच्या दारात. माझ्या रागाला नुसतं उधाण आलेलं.

"कुणी विचारलं होतं का तुम्हाला, बाई? कुणी बघितलं होतं? माझ्या घरात झालं ते माझ्या घरात राहिलं असतं!"

"देव तुझ्या घरात येत नाही का?"

"मग प्रायश्चित्त घ्या. पंचगव्य घ्या, काय असेल ते करा. देवळातलेसुद्धा तेच म्हणतायत."

बाई खुर्चीवर बसल्या. ओट्यावरचा वजनकाटा कपाटात गेला होता, जागा मोकळी दिसत होती.

"प्रायश्चित्त चुकीसाठी असतं, सुनंदा. मी देवासमोर बसून फार विचार केला. मला चुकलं असं वाटतच नाही. मग खोटं खोटं 'चुकले' कसं म्हणू? आणि चुकले म्हणत नाही, तर चुलीपाशी कशी जाऊ?"

मी दार आपटून घरी आले. असली हट्टी बाई मी जन्मात दुसरी बघितली नाही. त्या दिवशी मला रडू आलं ते रागानं की कशानं, सांगता यायचं नाही. फोनवर आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्या येतो."

ते आले दत्तजयंतीला. बाईंची मुलगी त्यांना कायमचं हुबळीला न्यायला आलेली होती, सामान बांधून झालं होतं. देवळात महाप्रसादाची पंगत बसली. इतकी वर्षं बाई आत चुलीपाशी असायच्या. त्या दिवशी पहिल्यांदाच पंगतीत बसल्या, अगदी शेवटच्या पानावर, त्याही उशिरा. मीठ वाढणारा पुढे निघून गेला होता. शेजारच्या पानावर आबा.

बाईंनी वरणभाताचा घास घेतला आणि थांबल्या. कपाळाला आठी. वाढणारी बाई तिथेच होती. तिनं घाबरून विचारलं, "बाई, काही कमी आहे का? नैवेद्याचं आहे, चाखता येत नाही ना..."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. बस्स, एवढंच. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाचं ताट सोडलं नाही, ती मान खाली घालून पुढचा घास कालवायला लागली. मला ते बघवेना.

आबांनी स्वतःच्या पानावरचं मीठ चिमटीत घेतलं. खरकट्या हातानं, स्वतः जेवत असलेल्या पानावरचं. हातानं मीठ देऊ नये, भांडण होतं म्हणतात. ह्या दोघांचं आता कुठलं भांडण व्हायचं शिल्लक होतं? ते मीठ त्यांनी सरळ बाईंच्या वरणभातावर टाकलं. मी "आबा!" म्हणून दटावणार, तोवर बाईंनी तो भात कालवलासुद्धा.

"चाखा, बाई," आबा म्हणाले. "आन सांगा."

बाईंनी घास तोंडात घातला. सावकाश चावला, डोळे मिटून, त्या बुधवारी चावला होता तसाच.

"आता बरोबर," म्हणाल्या. आणि आबांच्या पानाकडे बघून लगेच, "कोशिंबीर का टाकलीत? संपवा ती आधी."